दोन मृत्युपत्रं आणि दादरचा एक फ्लॅट

मावशी मे २०१८ मध्ये गेली. दिवसकार्य झाल्यावर तिचं गोदरेजचं कपाट उघडलं, तेव्हा आतल्या चोरकप्प्यात दोन लिफाफे मिळाले. एकात तिचं मृत्युपत्र होतं. ते नोंदणी केलेलं होतं आणि सोबत डॉक्टरांचा दाखलाही होता. दुसऱ्यात काकांचं, म्हणजे तिच्या यजमानांचं मृत्युपत्र होतं. ते २००९ सालचं, दोन पानी, टाइप केलेलं, नोंदणी नसलेलं. काका फेब्रुवारी २०१७ मध्ये गेले होते. मधल्या पंधरा महिन्यांत तो लिफाफा कोणीही कुठेही दाखवला नव्हता.

मावशीच्या मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा, म्हणून माझं, तिच्या भाच्याचं, नाव होतं. घर विकून पैसे तिघांना वाटायचे, एवढंच काम. मला वाटलं, वर्षभरात उरकेल. प्रत्यक्षात करारनाम्याची नोंदणी झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये. ही पावणेचार वर्षं कशात गेली, त्यातली किती टाळता आली असती आणि किती नाही, हे मांडण्यासाठी हे लिहितो आहे. कुटुंबीयांची परवानगी आहे. नावं मात्र कोणाचीही देत नाही.

घर आणि माणसं

फ्लॅट दादर पूर्वेला, १९७१ मध्ये उभ्या राहिलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत. दुसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, ५६० चौरस फूट कार्पेट. काका संस्थेचे मूळ सभासद.

त्यांना तीन मुलं. थोरला २००६ मध्ये अपघातात गेला. त्याची बायको आणि मुलगी नागपूरला असतात. सून शाळेत शिक्षिका, नात तेव्हा बावीस वर्षांची. मधली मुलगी, आमची ताई, न्यू जर्सीत. धाकटा नाशिकला. थोरला गेल्यानंतर सुनेचं दादरला येणं हळूहळू थांबलं होतं. भांडण असं कधी झालं नाही, पण बोलणंही उरलं नव्हतं. प्रकरणात पुढे जे घडलं ते समजायला ही गोष्ट कायद्याच्या कुठल्याही कलमाइतकीच महत्त्वाची आहे.

काकांच्या मृत्युपत्रात सगळं मावशीला होतं आणि एक्झिक्युटरही मावशीच. मावशीच्या मृत्युपत्रात फ्लॅट विकून धाकटा, ताई आणि नात यांना समान एक तृतीयांश. नातीचा हिस्सा म्हणजे थोरल्याचाच. मावशीने तसं स्पष्ट लिहिलं होतं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

काकांनी संस्थेकडे मावशीला नॉमिनी केलं होतं, मावशीने धाकट्याला. त्यामुळे काका गेल्यावर संस्थेच्या भागपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, मावशीचं नाव चढलं आणि मावशी गेल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये धाकट्याचं. मागच्या बाजूला सेक्रेटरींची सही आणि शिक्का. धाकट्याला प्रामाणिकपणे वाटलं की काम झालं. "दादा, सर्टिफिकेट माझ्या नावावर आहे. विकतो आणि तीन चेक फाडतो. कोर्टात कशाला जायचं?" त्याचा हेतू स्वच्छ होता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. नॉमिनी हा विश्वस्तासारखा असतो, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्राने ज्याला मिळते त्याची, हे मी ठेवींच्या बाबतीत शेकडो ग्राहकांना समजावलं होतं. तरी स्वतःच्या घरी मीही म्हणालो, बघू या, गिऱ्हाईक काय म्हणतं.

गिऱ्हाईक जानेवारी २०१९ मध्ये मिळालं. दोन लाख टोकन दिलं. त्याच्या बँकेच्या वकिलांनी कागद पाहिले आणि एका ओळीत उत्तर दिलं: मालकीची साखळी पूर्ण नाही, दोन्ही मृत्युपत्रांचं प्रोबेट आणा. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झाल्याचा न्यायालयाचा दाखला. टोकन परत केलं. नॉमिनीच्या नावाने केलेलं हस्तांतरण संस्थेपुरतं असतं. संस्थेला देखभाल खर्च कोणाकडून घ्यायचा, सभेची नोटीस कोणाला पाठवायची, हे ठरवायला ते उपयोगी पडतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतकंच म्हटलं होतं: संस्थेने नॉमिनीचं नाव लावावं, पण मालकीचा दावा ज्याचा त्याने योग्य ठिकाणी करावा. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम १५४ब-१३ आलं. वारस ठरेपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद, हे आता तिथे लिहिलेलंच आहे.

दुसरा गैरसमज माझा स्वतःचा होता. भागपत्रावर १९८८ पासून काकांच्या नावाखाली मावशीचंही नाव होतं. मी धरून चाललो की निम्मा फ्लॅट तिचा. वकिलांनी मूळ करार मागवला. करार, पैशांच्या पावत्या, सगळं काकांच्या एकट्याच्या नावावर होतं. मावशी फक्त सहयोगी सभासद होती. भागपत्रावर दुसरं नाव असल्याने मालकी येत नाही. म्हणजे मावशीकडे घर आलं ते संपूर्णपणे काकांच्या मृत्युपत्रातून, त्या चोरकप्प्यातल्या दोन पानांतून. ती दोन पानं न्यायालयात सिद्ध झाली नाहीत तर तिच्या मृत्युपत्राला विकायला घरच नव्हतं.

मुंबईच का

माझ्या एका मित्राने पुण्यात वडिलांचा फ्लॅट मृत्युपत्रावर विकला. प्रोबेट कोणी मागितलं नाही. तो मला म्हणायचा, तुझे वकील उगाच लांबवतात. तसं नव्हतं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ च्या कलम ५७ आणि २१३ मुळे हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन व्यक्तीचं मृत्युपत्र मुंबई किंवा मद्रास उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी हद्दीत, किंवा जुन्या बंगाल प्रांताच्या हद्दीत केलेलं असेल, किंवा त्या हद्दीतल्या स्थावर मालमत्तेबद्दल असेल, तर त्यावरचा हक्क न्यायालयात सिद्ध करायला प्रोबेट लागायचं. पुण्यात केलेल्या आणि पुण्यातल्या घराच्या मृत्युपत्राला ही अट लागू नव्हती. दादरला होती.

आता ही स्थिती बदलली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने दुरुस्ती कायदा करून कलम २१३ वगळलं. शंभर वर्षं ठरावीक भागांनाच लागू असलेली सक्ती गेली. चांगलं झालं, असंच मला वाटतं. एकुलतं एक मूल, एक साधं मृत्युपत्र, कोणाची हरकत नाही, अशा घरांना वर्ष-दीड वर्ष आणि फीचे पैसे कशासाठी घालवायला लावायचे? पण प्रोबेट घेण्याची सोय कायम आहे. आमच्यासारखं प्रकरण आज असतं तरी मी ते घेतलं असतं. दोन मृत्यू, एक नोंदणी नसलेलं मृत्युपत्र, एक वारस परदेशी आणि एक दुरावलेली, अशा घरावर कर्ज देणारी बँक नुसत्या टाइप केलेल्या दोन पानांवर समाधान मानेल, असं मला वाटत नाही.

दोन अर्ज

एप्रिल २०१९ मध्ये वकील केले, ऑगस्टमध्ये दोन्ही अर्ज दाखल झाले. मावशीच्या मृत्युपत्राचा अर्ज सरळ होता: एक्झिक्युटर हयात, म्हणून प्रोबेट. काकांच्या बाबतीत अडचण अशी की त्यांची एक्झिक्युटर, मावशी, मृत्युपत्र सिद्ध करण्यापूर्वीच गेली होती. एक्झिक्युटरच नसला तर प्रोबेट मिळत नाही. तिथे मृत्युपत्र जोडलेलं व्यवस्थापनपत्र मागावं लागतं, ज्याला कोर्टात सगळे लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन म्हणतात. ते मागण्याचा हक्क सगळी मालमत्ता ज्याला मिळते त्याचा, आणि तो माणूसही गेला असेल तर त्याच्या प्रतिनिधीचा. कलम २३२ आणि २३३. मावशीचा प्रतिनिधी मी, पण कधी? तिचं प्रोबेट माझ्या हातात आल्यावर. म्हणजे आधी तिचं, मग काकांचं. मृत्यू ज्या क्रमाने झाले त्याच्या उलट क्रमाने कागद.

मावशीने काका गेल्यावर लगेच अर्ज केला असता तर ती स्वतः एक्झिक्युटर होती, काकांच्या मृत्युपत्राला प्रोबेटचा साधा अर्ज पुरला असता. पण ती तेव्हा ७८ वर्षांची होती. पंचावन्न वर्षांच्या संसारानंतर नवरा गेलेल्या बाईला कोर्टात चल म्हणायचं कोणी? आम्ही कोणीच म्हटलं नाही. बँकेची खाती, पेन्शन, वीजबिलावरचं नाव, एवढं बदललं आणि घर तर तिचंच आहे असं धरून चाललो.

न्यायालयाची फी महाराष्ट्रात प्रोबेटसाठी जास्तीत जास्त ७५,००० रुपये आहे. मुंबईतला कुठलाही फ्लॅट ती मर्यादा गाठतोच. आम्हाला ती दोनदा भरावी लागली, कारण एकच फ्लॅट दोन मृत व्यक्तींच्या मालमत्तेत दाखवायचा होता. वकिलांची फी, जाहिराती, प्रती, प्रवास धरून एकूण खर्च साडेचार लाखांपर्यंत गेला.

चिपळूणचे साक्षीदार

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ते सिद्ध करताना निदान एकाने शपथेवर सांगावं लागतं की करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली, तो शुद्धीत होता आणि मीही त्याच्यासमोर सही केली. मावशीच्या मृत्युपत्राचे दोन्ही साक्षीदार इमारतीतलेच होते. काकांच्या मृत्युपत्रावर एक सही त्यांच्या डॉक्टरांची होती. ते २०१४ मध्येच वारले होते. दुसरी सही शेजारच्या खोल्यांत तीस वर्षं राहिलेल्या गृहस्थांची. ते घर विकून चिपळूणजवळ गावी गेले होते. वय ८३.

जुलै २०१९ मध्ये मी गेलो. तिवरे धरण फुटून दोनच आठवडे झाले होते आणि तालुक्यात दुसरा विषय नव्हता. पावसाने गाडी उशिरा पोहोचली. म्हातारबुवा ओटीवर वाट बघत बसले होते. मी मृत्युपत्राची प्रत त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी बराच वेळ डोळ्यांजवळ धरली. मग म्हणाले, "ही सही माझीच. गणपती उठल्यानंतरचा रविवार. तुझ्या काकांनी आम्हा दोघांना दूध कोल्ड्रिंक पाजलं आणि मग सांगितलं कशाला बोलावलंय ते." मृत्युपत्राची तारीख त्या वर्षीच्या अनंत चतुर्दशीनंतरची, सप्टेंबर २००९ ची होती.

शपथपत्र नोटरीसमोर झालं, पण त्यांचा हात आता थरथरत होता आणि नवी सही २००९ च्या सहीशी जुळेना. वकिलांनी फोनवर सुचवलं म्हणून त्यांच्या पेन्शनच्या कागदांवरच्या सह्या, २०१० पासूनच्या, सोबत जोडल्या. वर्षागणिक सही कशी वाकडी होत गेली ते त्यात दिसत होतं. पुढे कोणी शंका घेतली नाही. हे गृहस्थही नसते तर हस्ताक्षर ओळखणारी माणसं शोधावी लागली असती. कायद्यात तशी सोय आहे, पण काम फार कठीण. मृत्युपत्रावर आपल्याच वयाच्या दोघांच्या सह्या घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. करणारा जाईपर्यंत साक्षीदारही गेलेले असतात. निदान एक साक्षीदार पुढच्या पिढीतला असावा.

सुनेचं नाव

अर्जावर ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाच्या कार्यालयाकडून हरकती आल्या. किरकोळ होत्या त्या सांगत नाही. जुन्या करारात काकांचं आडनाव एका स्पेलिंगने आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसऱ्या स्पेलिंगने होतं, त्यासाठी दोन्ही व्यक्ती एकच असं शपथपत्र दिलं. मोठी हरकत खरी होती आणि चूक आमची होती: काकांच्या वारसांच्या यादीत सुनेचं नाव नव्हतं.

मृत्युपत्र असलं तरी अर्जात सगळे कायदेशीर वारस दाखवावे लागतात, कारण मृत्युपत्र नसतं तर ज्यांना मिळालं असतं त्यांना हरकत घ्यायची संधी द्यायची असते. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात पुरुषाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांमध्ये आधी वारलेल्या मुलाची विधवा येते. म्हणजे काकांच्या अर्जात सून आणि नात दोघी हव्यात. स्त्रीच्या वारसांचं कलम १५ वेगळं आहे. त्यात मुलं, आधी वारलेल्या मुलाची मुलं आणि नवरा येतात, सून येत नाही. म्हणून मावशीच्या अर्जात फक्त नात. एकच सून, एका अर्जात वारस आणि दुसऱ्यात नाही. मी मावशीच्या अर्जाची यादी काकांच्या अर्जात तशीच उतरवून दिली होती.

जो वारस संमतीचं शपथपत्र देत नाही त्याला न्यायालयाकडून सायटेशन, म्हणजे नोटीस, जातं. हरकत असेल तर चौदा दिवसांत कॅव्हेट दाखल करायचं. कॅव्हेट आणि त्यासोबतचं शपथपत्र आलं की अर्जाचा दावा होतो. मग पुरावे, उलटतपासणी, तारखा. अशा दाव्यात घर दहा-दहा वर्षं कुलपात राहिलेली मी पाहिली आहेत. नागपूरहून सुनेच्या भावाचा फोन आला: "आमच्या पोरीला कळू न देता घर विकायला निघालात?" त्याचं म्हणणं चुकीचं म्हणता येत नव्हतं. जानेवारी २०१९ चं ते टोकन, संस्थेत धाकट्याचं एकट्याचं नाव, आणि वर सुनेचं नाव नसलेला अर्ज. बाहेरून बघणाऱ्याला यात कट दिसला असता.

धाकटा म्हणाला, नोटीस जाऊ दे, हरकत घेतली तर बघू. मी ऐकलं नाही. जानेवारी २०२० मध्ये सगळ्या कागदांच्या प्रती, दोन्ही मृत्युपत्रं, संस्थेची पत्रं, टोकन परत केल्याची बँकेची नोंद, असा एक फोल्डर घेऊन मी नागपूरला गेलो. सुनेने दार उघडलं, पाणी दिलं, पण बोलली नाही. नातीने फोल्डर घेतला आणि जेवणाच्या टेबलावर बसून एकेक पान वाचलं. दोन तास गेले. ती तेव्हा सी.ए.ची परीक्षा देत होती. मावशीच्या मृत्युपत्रातल्या त्या वाक्याशी ती थांबली, जिथे थोरल्याच्या नावाने तिचा हिस्सा लिहिला आहे. तिने ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

मग तिने मला एकच विचारलं, "काका, बाबांचा ड्रॉइंग बोर्ड अजून माळ्यावर आहे का?" होता. थोरला आर्किटेक्चर शिकलेला. बोर्ड, टी-स्क्वेअर आणि नकाशांची नळकांडी मावशीने जपून ठेवली होती. ते सगळं फेब्रुवारीत पार्सलने नागपूरला गेलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोघींची संमतीची शपथपत्रं आली. ताईचं शपथपत्र न्यू जर्सीहून नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालण्यासाठीचं सरकारी प्रमाणीकरण) होऊन जानेवारीतच आलं होतं. तीन आठवड्यांनी टाळेबंदी लागली.

हुकलेली सवलत

टाळेबंदीत काम थांबलं ते सगळ्यांचंच. पण त्याच वर्षी राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात मोठी सूट दिली: १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० तीन टक्क्यांची, नंतर मार्च २०२१ अखेरपर्यंत दोन टक्क्यांची. मुंबईत पाचाचे दोन झाले. ऑक्टोबरमध्ये एक दांपत्य आलं, १ कोटी ८४ लाखांना तयार. ३१ डिसेंबरपूर्वी करार झाला तर त्यांचे साडेपाच लाख वाचत होते.

आमच्याकडे दाखले नव्हते. कायद्याने मालमत्ता एक्झिक्युटरकडे मृत्यूपासूनच येते, त्यामुळे प्रोबेट येण्याच्या अटीवर करार करू या, असं त्यांच्या दलालाने सुचवलं. मावशीपुरतं ते मांडता आलं असतं. काकांच्या बाबतीत माझ्याकडे काहीच पद नव्हतं. व्यवस्थापनपत्र मिळेपर्यंत मी त्यांच्या मालमत्तेचा कोणीही नव्हतो. मी नाही म्हटलं. धाकटा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. ते दांपत्य माहीमला गेलं. आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो. साडेपाच लाखांच्या घाईत केलेला करार मोडला असता तर परतफेड कोणाच्या खिशातून करायची होती?

मावशीचं प्रोबेट फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, काकांचं व्यवस्थापनपत्र ऑगस्टमध्ये. व्यवस्थापनपत्रासाठी जामीनरोखा द्यावा लागतो, प्रोबेटच्या वेळी मला शपथेवर निभावलं होतं. हा फरक आधी माहीत नसल्याने त्यात तीन आठवडे गेले.

कोणी विकायचं

आता घर विकायला मी मोकळा होतो. कलम ३०७ प्रमाणे एक्झिक्युटर विकू शकतो आणि मृत्युपत्रही तेच सांगत होतं. इथे नातीने, जी तोवर सी.ए. झाली होती, एक प्रश्न काढला जो माझ्या डोक्यात आलाच नव्हता: विक्रेता कोण, यावर कर बदलतो.

मी मृत व्यक्तीच्या मालमत्तेच्या वतीने विकलं असतं तर तेव्हाच्या, १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे भांडवली नफा त्या मालमत्तेच्या नावे, वेगळ्या पॅनवर, लागला असता. फायदा असा की मावशी भारतात निवासी होती म्हणून ती मालमत्ताही निवासीच धरली गेली असती, ताई अमेरिकेत असली तरी. खरेदीदाराने एक टक्का कापला की झालं. तोटा असा की कर वाचवणाऱ्या ५४ईसी रोख्यांची ५० लाखांची मर्यादा एकदाच मिळाली असती, आणि धाकट्याला नाशिकला घर घेऊन कलम ५४ ची सूट घेता आली नसती.

आकडे असे होते. सौदा १ कोटी ९२ लाखांना ठरला. वारशाने आलेल्या घराला मूळ मालकाची खरेदी किंमत लागू होते. १ एप्रिल २००१ पूर्वीचं घर असेल तर त्या दिवशीचं बाजारमूल्य घेता येतं, पण त्या वेळच्या रेडी रेकनरहून जास्त नाही. मूल्यांकनकाराने ते २४ लाख काढलं. महागाई निर्देशांक २०२१-२२ साठी ३१७, म्हणून ७६.०८ लाख. हा निर्देशांक वारसाच्या नव्हे, मूळ मालकाच्या काळापासून लावायचा, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलेलं आहे. दलालीचे १.९२ लाख वजा करता नफा १ कोटी १४ लाख, प्रत्येकी ३८ लाख. त्यावर वीस टक्के म्हणजे प्रत्येकी ७.६ लाख, उपकर वेगळा. २३ जुलै २०२४ पासून दर आणि निर्देशांकाचे नियम बदलले आहेत, त्यामुळे आजच्या विक्रीला हे गणित तसंच लावू नये.

तिघांनी मला लिहून दिलं की आम्हाला पैसे नकोत, फ्लॅटच समान हिश्शांनी द्या. मी एक्झिक्युटर म्हणून संमती दिली, संस्थेने दोन्ही दाखल्यांच्या आधारे तिघांची नावं भागपत्रावर लावली. वारसांच्या नावे होणाऱ्या या हस्तांतरणाला अधिमूल्य, म्हणजे संस्थेला द्यायचा ट्रान्सफर प्रीमियम, लागत नाही. नंतर खरेदीदाराच्या नावे करताना लागतं, तेही महापालिका क्षेत्रात २५,००० च्या वर नाही.

याची किंमत ताईला मोजावी लागली. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत एक टक्का नाही. तिच्या ६४ लाखांच्या संपूर्ण रकमेवर अधिभार आणि उपकरासह २२.८८ टक्के, म्हणजे १४.६४ लाख कापावे लागले असते, जेव्हा खरा कर ७.९ लाखच होता. कमी कपातीचं प्रमाणपत्र मिळवायला दोन महिने लागले. ताईने कुरकूर केली नाही. ती म्हणाली, "माझ्यामुळे त्या दोघांचे पंधरा लाख वाचत असतील तर थांबते." धाकट्याने नाशिकला फ्लॅट घेतला, नातीने रोखे घेतले. ताईचे पैसे तिच्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात आले आणि १५सीए, १५सीबी या आयकराच्या फॉर्मची पूर्तता करून बाहेर गेले.

या वेळच्या खरेदीदारालाही तारखेची घाई होतीच. १ एप्रिल २०२२ पासून मुंबईत एक टक्का मेट्रो अधिभार लागणार होता, त्याचे जवळजवळ दोन लाख. आम्ही फेब्रुवारीत नोंदणी केली. दुय्यम निबंधक कार्यालयात तिघांच्या वतीने सह्या झाल्या, ताईच्या कुलमुखत्यारपत्रावर धाकट्याची. मी मान्यता देणारा म्हणून शेवटच्या पानावर होतो. सून नागपूरहून मुलीसोबत आली होती. कित्येक वर्षांनी ती त्या घरात गेली, स्वयंपाकघराच्या खिडकीशी थोडा वेळ उभी राहिली आणि मग किल्ल्या तिनेच खरेदीदाराच्या बायकोच्या हातात दिल्या.

हिशेब

एक्झिक्युटरने दाखला मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षात हिशेब न्यायालयाला द्यायचा असतो. मी एक वही घातली होती, पहिल्या दिवसापासून. मे २०१८ नंतरचा रिकाम्या फ्लॅटचा देखभाल खर्च, मालमत्ता कर, दोनदा भरलेली फी, चिपळूणचं तिकीट, पार्सलचे पैसे, सगळं तारीखवार. एप्रिल २०२२ मध्ये तिच्या प्रती तिघांना पाठवल्या. ताई आणि धाकट्याने त्याच दिवशी सही करून परत केल्या.

नातीची प्रत आठवड्याने आली. प्रत्येक पानावर पेन्सिलीने बारीक खुणा होत्या. जुलै २०१९ मध्ये चिपळूणच्या नोटरीचे ७४० रुपये मी दोनदा लिहिले होते, एकदा प्रवासात आणि एकदा कागदपत्रांत. मी ते दुरुस्त केलं, तिघांच्या हिश्शाचे २४६ रुपये ६७ पैसे प्रत्येकाच्या खात्यात टाकले आणि नवीन पान पाठवलं. त्यावर तिने सही केली.